जतनाची कला



कला म्हणजे नवनिर्मिती, असे आपण सारे धरून चालतो. निर्माण झालेले टिकवायचे कोणी, हा प्रश्न कलेच्या चर्चेत क्वचितच निघतो. आज आम्ही तोच आपल्यापुढे मांडणार आहोत. अमेरिकेत मिअर्ल लॅडरमन यूकेलीस या कलावंत बाईंनी तो मोठ्या धिटाईने विचारला.

१९६८ साली त्यांना पहिले मूल झाले आणि दिवस धुण्यापुसण्यात जाऊ लागला. १९६९ साली त्यांनी जाहीरनामा लिहिला. घरी करतो तीच कामे यापुढे कला म्हणून चारचौघांत करू, असे त्याचे सार. जुलै १९७३मध्ये हार्टफर्ड येथील वॉड्सवर्थ अ‍ॅथेनियम या संग्रहालयात त्यांनी चार तास बाहेरच्या पायऱ्या धुतल्या आणि चार तास आतली फरशी पुसली.

कोणी विचारील, यात कला ती कोठली? आमचे उत्तर असे : घरात याच कामाकडे कोणी मान वळवून पाहत नाही, आणि संग्रहालयात ते पाहण्याजोगे ठरते. काम तेच, हातही तेच. पाहणाऱ्याची नजर तेवढी पालटते.

पुढे १९७९-८०मध्ये न्यूयॉर्कच्या सफाई खात्यातील ८,५०० कामगारांना भेटून बाईंनी प्रत्येकाशी हस्तांदोलन केले, शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार मानले आणि त्यांचे अनुभव अभ्यासकाच्या चिकाटीने ऐकून घेतले. १९८४ साली, त्या कामगारांना ऐकाव्या लागणाऱ्या शिव्या काचेवर लिहून त्या इतर नागरिकांच्या हातून धुवून घेतल्या. लक्षात घ्या, १९७९ साली ते सारे सफाई कामगार पुरुष होते. घरातील बाईच्या वाट्याची उपेक्षा त्यांच्याही वाट्याला आली, कारण ती कामालाच चिकटलेली आहे.

जतनाला समाज नात्याचीही अट घालतो. एड्सच्या साथीत अनेक समलिंगी पुरुषांना घरच्यांनी दूर लोटले. त्यांची शुश्रूषा केली मित्रांनी आणि जोडीदारांनी. त्या जोडीदारांना कायदा तेव्हा आप्त मानीत नव्हता. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये एक प्रचंड गोधडी उलगडण्यात आली. तिचे १,९२० तुकडे होते; प्रत्येक तुकडा ३ फूट रुंद, ६ फूट लांब, म्हणजे माणसाच्या थडग्याएवढा, आणि त्यावर मृताचे नाव. ती नावे मोठ्याने वाचली गेली. ज्यांचा शोक घरात कोणी मानला नाही, त्यांनी तो राजधानीच्या मैदानावर मांडला.

आभारांनी कोणाचे पोट भरत नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण जे काम दिसतच नाही, त्याचा मोबदला कोण ठरवणार आणि ते वाटून तरी कोण घेणार? म्हणून आधी ते दिसले पाहिजे. हे व्याख्यान संपल्यावर या सतरंज्या कोणीतरी झटकून गुंडाळील. आपल्यापैकी दोघाचौघांनी त्या हातांना हातभार लावला, तर आमचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.