भीतीला मुभा, मग प्रेमाला का नाही?



पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला अध्यक्षांनी आशीर्वाद द्यावेत आणि खाली बसावे, अशी आपल्याकडची रीत. आशीर्वाद मी देतेच; पण पुस्तक म्हणजे अद्भुतरम्य प्रेमकादंबरी आहे, म्हणून चार शब्द जास्त बोलणे भाग आहे.

पत्रिका पाहून एकदोघांनी विचारले, "हे इंग्रजीतले नवे खूळ ना?" रिबेका यारोस यांची 'फोर्थ विंग' ही अशीच कादंबरी २०२३ साली आली आणि आपल्याही मुली ती वाचतात, हे खरे. पण आपले घर याबाबतीत रिकामे नव्हते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ची. मराठी कादंबरी बाळसे धरत होती, तेव्हा ती अद्भुत आणि शृंगार यांच्याच अंगाखांद्यावर खेळली. पुढे हरिभाऊ आपट्यांनी तिला माजघरात आणले. ते थोरच काम. त्यांच्या नायिकेचे, यमूचे दुःख सांगायला जादू नको होती. मात्र त्यानंतर वास्तव तेवढे प्रौढ आणि अद्भुत म्हणजे पोरकट, असे आपण ठरवून टाकले. राक्षस आणि चेटकिणी बालनाट्याकडे गेल्या. जी. ए. कुलकर्णींनी अद्भुताला नियतीसमोर उभे केले. धारप आणि मतकरी यांनी त्यातून मोठ्यांना घाबरवले. घाबरायला आपण भूत चालवून घेतले, प्रेमात पडायला यक्ष म्हटला की लाजलो.

बाणभट्ट लाजला नव्हता. सातव्या शतकातली त्याची 'कादंबरी' अपुरी राहिली, ती मुलाने पुरी केली. तिच्यात महाश्वेतेच्या विरहाने मरणारा पुंडरीक चंद्राला शाप देतो, की तूही जन्म घेऊन हेच भोग. चंद्र उलट शापतो. पुंडरीक पुन्हा जन्मतो, महाश्वेतेपाशी येतो, आणि त्याच्यासाठीच तप करणारी ती त्याला न ओळखता पोपट होण्याचा शाप देते! इथला प्रत्येक चमत्कार प्रेमातून निघतो आणि प्रेमालाच महाग पडतो. या साहित्यप्रकाराची कसोटी माझ्या मते हीच. जादू काढून घेतली तरी प्रेमकथा जशीच्या तशी उरत असेल, तर ती जादू नुसती रोषणाई.

आजचे पुस्तक या कसोटीला उतरते. नायिका माणदेशातली पाणाडी. तळहातावर नारळ आडवा ठेवून ती रान तुडवते. नारळ उभा राहिला की खाली पाणी. एके ठिकाणी नारळ उभा राहतो आणि खालून तिला हाक येते. हाक मारणारा झऱ्यातलाच. तो तिला भेटायला वर आला, की गावातली एक विहीर आटते. पहिल्या भेटीनंतरच्या सकाळी बायका रिकामा पोहरा वर ओढतात आणि ही त्यांच्यातच कळशी घेऊन उभी असते. हे दीड पान मी दोनदा वाचले. दुष्काळ, गाव, जात, पाण्याची रांग यांतले काहीच लेखिकेने टाळलेले नाही. अद्भुताने वास्तव झाकले जाते म्हणणाऱ्यांनी हे पान जरूर वाचावे.

उणेही सांगते. शेवटच्या भागात शाप फार पटापट सुटतात आणि नायक मधूनमधून सुभाषितांत बोलतो. झऱ्याने इतके व्याकरणशुद्ध बोलू नये.

समीक्षकांना माझी विनंती, की 'तरुणांसाठी हलकेफुलके' असे दोन ओळींत हे पुस्तक उरकू नका. त्यातले नियम तपासा, चुका दाखवा. ग्रंथपालांनी ते बालविभागात लावू नये. आणि बाई, तुम्ही दुसरी कादंबरी लिहायला घ्या. तिच्यात जादू याहून महाग करा, सुटका याहून अवघड करा. मराठी वाचक तेवढे सोसायला तयार आहे.

पुस्तक प्रकाशित झाल्याचे जाहीर करते.