शहराचा केर : पुरावा, जाळावा कीं कुजवावा?

घर सकाळीं झाडून निघतें, केर सुपलींत भरला जातो, डब्यांत पडतो, आणि डबा दाराबाहेर गेला कीं घर स्वच्छ झालें असें मानण्यांत येतें. घरापुरतें तें खरेंहि असतें. परंतु कोणताहि पदार्थ नाहींसा होत नाहीं, त्याचें केवळ स्थान आणि रूप बदलतें, हा शाळेंत शिकविला जाणारा नियम केराच्या डब्यालाहि लागू आहे. एकट्या मुंबईंतून रोज सहा हजार टनांहून अधिक कचरा निघतो. त्याची विल्हेवाट लावण्याचे मुख्य मार्ग तीन : पुरणें, जाळणें आणि कुजविणें. या तिहींचे गुणदोष तोलून आपल्याकडील मोठ्या शहरांना कोणता मार्ग पेलेल, हें पाहणें अगत्याचें आहे.

पहिला मार्ग सर्वांत जुना आणि वरवर पाहतां सर्वांत स्वस्त. गांवाबाहेर एखादी खोलगट किंवा खाजणाची जागा पाहावयाची आणि तेथें कचरा ओतावयाचा. मुंबईनें हाच मार्ग धरला. १८९६ सालीं प्लेगची सांथ आल्यावर शहराची घाण शहराबाहेर नेण्याची निकड सर्वांनाच पटली. कुर्ल्याहून चेंबूरकडे १९०६ सालीं घातलेल्या लोहमार्गावरून उतारूंच्या आधीं कचऱ्याच्या गाड्या धांवल्या. उतारूंना तो मार्ग १९२४ सालीं खुला झाला. १९२७ सालापासून देवनारच्या खाजणांत कचरा पडूं लागला. त्या काळीं देवनार शहराबाहेर होतें. पुढें शहरच वाढत वाढत तेथवर पोहोंचलें, आणि कचऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशीं, ज्यांना अन्यत्र थारा मिळाला नाहीं अशा माणसांच्या वस्त्या उभ्या राहिल्या.

अशा डोंगराच्या पोटांत काय घडतें? शिळें अन्न, भाजीचीं देठें, फळांच्या साली हवेवांचून कुजूं लागल्या म्हणजे त्यांतून मिथेन नांवाचा ज्वालाग्राही वायु निघतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर वजनास वजन घेतां तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें २८ पट पृथ्वीची उष्णता वाढवितो. पावसाचें पाणी कचऱ्यांतून झिरपतांना काळें व विषारी होऊन भूमींत उतरतें. जानेवारी २०१६ मध्यें देवनारचा डोंगर पेटला. धुराचे लोट उपग्रहांनीं टिपलेल्या छायाचित्रांतहि दिसले. महापालिकेच्या कित्येक शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्याच वर्षीं फेब्रुवारींत, कचऱ्याची नीट सोय लागेपर्यंत शहरांत नव्या इमारतींना परवानगी देऊं नये, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयानें दिला. सर्वोच्च न्यायालयानें तो २०१८ सालीं सैल केला. स्वस्त मार्गाची उधारी अशी नव्वद वर्षांनीं वसूल झाली, आणि तीहि ज्यांनीं ती केली त्यांच्याकडून नव्हे, तर डोंगराशेजारीं श्वास घेणाऱ्या मुलांकडून. जमिनीला अस्तर लावणें, वरून माती झांकणें, नळ्या घालून वायु काढून घेणें, अशा सुधारणा होऊं शकतात. गोराईचा ढीग बंद करतांना मुंबईनें त्या केल्याहि. त्यांनीं अपाय कमी होतो, परंतु शहराला रोज लागणारी नवी जागा कांहीं त्यांतून निर्माण होत नाहीं.

दुसरा मार्ग अग्नीचा. इंग्लंडांत नॉटिंगहॅम शहरीं १८७४ सालीं कचरा जाळण्याची भट्टी उभी राहिली, तेव्हांपासून या मार्गाची पद्धतशीर वाटचाल झाली. भट्टींत कचऱ्याचें आकारमान एक दशांशापर्यंत उतरतें आणि उष्णतेवर वीजहि करतां येते. जमिनीची टंचाई असलेल्या जपानानें म्हणूनच बहुतांश कचरा जाळण्याचें धोरण पत्करलें. मात्र भट्टीची आंच मंदावली कीं डायॉक्सिनसारखीं घातक द्रव्यें धुरांतून बाहेर पडतात. यासाठीं युरोपांत धूर निदान २ सेकंद ८५० अंश सेल्सिअस उष्णतेंत राहिलाच पाहिजे, असा दंडक आहे. शिवाय वजनानें सुमारें पंचमांश ते चतुर्थांश राख उरते, तिच्यांतील कांहीं विषारी असते, आणि ती अखेर पुरावीच लागते.

आपल्याकडे या मार्गांत आणखी एक अडचण आहे, ती पाण्याची. आपला घरगुती कचरा साधारणपणें निम्मा किंवा त्याहून अधिक ओला असतो. उकळी फुटलेल्या एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारें ५४० किलोकॅलरी उष्णता खर्चीं पडते. म्हणजे भट्टींत जाणारी प्रत्येक कलिंगडाची साल आंच देण्याऐवजीं आंच खाते. पावसाळ्यांत ओल्या लांकडांवर ज्यांनीं चूल फुंकली, त्यांना हें निराळें समजावून सांगावयास नको. दिल्लींत तिमारपूर येथें १९८७ सालीं डेन्मार्कच्या तंत्रज्ञांच्या साहाय्यानें रोज ३०० टन कचरा जाळून वीज करण्याचा कारखाना बांधण्यांत आला. परंतु ज्या प्रतीचा कचरा गृहीत धरून तो आंखला होता, तितका जळाऊ कचरा शहर देऊंच शकलें नाहीं, आणि कांहीं आठवड्यांतच भट्टी थांबली. पुढें २०१२ सालीं ओखला येथें दुसरी भट्टी पेटली. ती चालली, परंतु तिच्या धुराविरुद्ध शेजारच्या रहिवाशांना न्यायासनासमोर जावें लागलें.

तिसरा मार्ग कुजविण्याचा. या शास्त्रांत आपल्या देशानें जगाला बरेंच शिकविलें आहे. इंदूर येथील संशोधनसंस्थेंत आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं काडीकचरा, शेण व माती यांचे थर देऊन, ढीग ठराविक वेळीं वरखालीं करून सुमारें तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसविली; तिचें वर्णन करणारा ग्रंथ १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यानंतर बंगळूर येथें सी. एन. आचार्य यांनीं शहरी कचरा आणि मैला यांचे थर खंदकांत दाबून, न चाळवितां खत करण्याची पद्धति सिद्ध केली. ढिगाला हवा नीट मिळाली म्हणजे आंतील उष्णता ५५ ते ६० अंशांपर्यंत चढते, आणि बहुतेक रोगजंतु व तणांचें बीं मरून जातें. हवा न देतां बंद टाकींत कुजविल्यास मिथेन हातीं लागतो, व तो इंधन म्हणून वापरतां येतो. देवनारपासून दूर नसलेल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानें याच तत्त्वावर 'निसर्गऋण' नांवाचें संयंत्र तयार केलें. जो वायु डोंगरांत वणवा पेटवितो, तोच टाकींत कोंडला तर स्वयंपाकघराची शेगडी पेटवितो.

मग हा मार्ग सर्वत्र यशस्वी कां झाला नाहीं? १९७५ च्या सुमारास भारतांतील कित्येक शहरांत खत करण्याचे मोठे यांत्रिक कारखाने निघाले आणि त्यांतील बहुतेक बंद पडले. खतांतून कांचेचे तुकडे, प्लॅस्टिकच्या चिंध्या निघूं लागल्या, तर कोणता शेतकरी तें पैसे देऊन घेईल? ज्या शेतांत अनवाणी उतरावयाचें, तेथें कांच पसरण्याचें धाडस तो करणार नाहीं, आणि त्यांत त्याचें कांहीं चुकलें असें म्हणतां येणार नाहीं.

येथें तिन्ही मार्गांची तुलना एका जागीं येऊन मिळते. पुरलेल्या कचऱ्यांत ओलें असतें म्हणून तो पेटतो. भट्टींतल्या कचऱ्यांत ओलें असतें म्हणून ती विझते. आणि कुजणाऱ्या कचऱ्यांत सुकें मिसळतें म्हणून खत विटतें. दोष मार्गांत जितका आहे, त्याहून अधिक तो मिसळण्यांत आहे. कालचें वर्तमानपत्र आणि कालची उरलेली आमटी, दोहोंनाहि वेगवेगळें मोल आहे. एकावर दुसरी ओतली कीं दोन्ही कवडीमोल होतात, आणि ही ओतण्याची क्रिया महापालिकेच्या गाडींत नव्हे, घरच्या डब्यांत प्रथम घडते.

हें ओळखूनच २००० सालच्या आणि पुढें २०१६ सालच्या नियमांत कचरा वेगळा करण्यास महत्त्वाचें स्थान देण्यांत आलें. मुंबई महापालिकेनें २०१७ सालीं मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा आपल्या आवारांतच जिरविण्यास सांगितलें. पुण्यांत कागद, काच, पत्रा वेचून पोट भरणाऱ्यांची संघटना १९९३ सालीं उभी राहिली होती. तिच्यांतून २००८ सालीं 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. पूर्वी उकिरडे हातांनीं उपसणाऱ्या स्त्रिया तेव्हांपासून दारोदार जाऊन कचरा घेऊं लागल्या व सुका माल निवडून विकूं लागल्या. फुटकी कांच, औषधाची सुई, वापरलेल्या पट्ट्या निराळ्या गुंडाळून न दिल्या, तर त्या कोणाच्या बोटांना लागतात, याचा विसर सुशिक्षित घरांना पडतां कामा नये.

यावर एक आक्षेप नेहमीं ऐकूं येतो : वेगळा दिलेला कचरा गाडींत पुन्हा एकत्रच होतो. असें जेथें घडत असेल तेथें तक्रार न्याय्य आहे, आणि ती लेखी करावी. परंतु ज्या घरीं एकच डबा आहे, त्या घराला ती करण्याचा अधिकार पोहोंचत नाहीं.

दुसराहि एक प्रश्न न्यायाचाच आहे. टोकियो शहरांत १९७१ सालीं राज्यपाल मिनोबे यांनीं कचऱ्याविरुद्ध युद्धच पुकारलें. साऱ्या शहराचा कचरा कोतो विभागाच्या किनाऱ्यावर पडत असे, आणि सुगिनामी विभागाचे रहिवासी मात्र आपल्या हद्दींत भट्टी होऊं देत नव्हते. तेव्हां १९७३ सालीं कोतोकरांनीं सुगिनामीच्या गाड्या अडविल्या. अखेर १९८२ सालीं सुगिनामींत भट्टी उभी राहिली. पुण्याजवळ उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथील ग्रामस्थांनींहि शहराच्या गाड्या वेळोवेळीं अडविल्या, त्यामागची वेदना हीच होती. ज्याचा केर, त्याच्या जवळपास त्याची सोय, हा नियम कठोर वाटला तरी न्याय्य आहे.

सारांश, एकच मार्ग निवडावयाचा नसून त्यांचा क्रम लावावयाचा आहे. ओलें तें घराजवळ कुजवावें. सुकें तें पुन्हा उपयोगांत आणावें. ज्याचा उपयोग नाहीं पण जें कोरडें व जळाऊ आहे, तेवढेंच कडक देखरेखीखालील भट्टींत जावें. आणि उरलेली मूठभर राख व माती अस्तर घातलेल्या खड्ड्यांत पुरावी. चार माणसांच्या घरांतून दिवसाकांठीं सुमारें दोन किलो कचरा निघतो. त्यांतला किलोभर ओला असतो. भोंकें पाडलेल्या माठांत सुकीं पानें व थोडी माती यांचे थर देत तो घातला, तर कांहीं महिन्यांत त्याची काळी, भुसभुशीत माती होते आणि तिला दुर्गंधि राहत नाहीं. माठ ठेवण्यास जागा नसेल, त्या घरीं दोन डबे तरी निश्चित मावतात. मोठ्या शहराच्या मोठ्या प्रश्नाचा निम्मा भाग त्या दुसऱ्या डब्यांत सुटतो.