पात्रांची निवड

गणेशोत्सव जवळ आला, की आळीतल्या, बँकेतल्या, नाहीतर कचेरीतल्या हौशी मंडळींना नाटकाची आठवण होते. नाटक बहुधा विनोदी ठरते. एकाला दुसराच कोणी समजले आणि त्यातून गोंधळ उडाला, असे कथानक असले म्हणजे तर सगळेच खूष. मग एका संध्याकाळी पात्रांची निवड होते. नाटक रंगणार की पडणार, हे पुष्कळदा त्या संध्याकाळीच ठरून जाते.

कसे ते पाहा. चहाच्या वेळी नकला करून जो सर्वांना हसवतो, त्याच्या गळ्यात मुख्य भूमिका पडते. हा गृहस्थ वाक्य म्हणतो आणि कोण हसले ते हळूच बघतो. पण अशा नाटकातला विनोद माणसात नसतो, तो गैरसमजात असतो. आणि ज्याचा गैरसमज झाला आहे त्याला तो अगदी खरा वाटला, तरच प्रेक्षकांना हसू येते.

गोगोल या रशियन लेखकाचे ‘इन्स्पेक्टर जनरल’ घ्या. ते १८३६ साली पीटर्सबर्गमध्ये प्रथम रंगभूमीवर आले. पु. ल. देशपांडे यांनी ‘अंमलदार’ या नावाने त्याचे मराठी रूपांतर केले. मूळ नाटकात एक कफल्लक तरुण गावच्या खानावळीत अडकून पडला आहे. बिल थकले आहे. गावच्या मुख्याला वाटते, हाच गुप्तपणे आलेला तपासणी अधिकारी. तो धावत भेटायला येतो. तरुणाला वाटते, हा आपल्याला तुरुंगात टाकायला आला! दोघेही एकमेकांना भ्यालेले. यात थट्टा कोणीच करीत नाही. म्हणून तर आपण हसतो.

पहिल्या प्रयोगात या तरुणाची भूमिका करणाऱ्या नटाने त्याला साधा थापाड्या करून टाकले, अशी खंत खुद्द गोगोलने व्यक्त केली आहे. हा तरुण थापा मारता मारता स्वतःच त्या खऱ्या मानू लागतो, हे त्या नटाला उमगले नाही, असे त्याचे म्हणणे होते. पुढे नटांना सल्ला देताना त्याने हेच बजावले, की हसवण्याचा विचार जितका कमी, तितके हसू अधिक.

तेव्हा तुम्ही निवड करायला बसाल, तेव्हा खानावळीतला हाच प्रवेश वाचायला द्या. दोघांना एकदा वाचू द्या, मग भूमिकांची अदलाबदल करा. आणि एक करा, बोलणाऱ्याकडे बघू नका, ऐकणाऱ्याकडे बघा. समोरच्याचे वाक्य ऐकून ज्याचा चेहरा बदलतो, तो तुमचा नट. जो नुसती आपल्या पाळीची वाट बघत उभा राहतो, त्याचा आवाज कितीही खणखणीत असो, त्याला जरा बाजूला ठेवा.

राहता राहिले ते, ज्यांना भूमिका मिळाली नाही. हौशी मंडळात पैसे कोणालाच मिळत नाहीत, भूमिका हीच बिदागी. ‘पुढच्या वेळी बघू हं’ असे मोघम सांगून बोळवण केलेला माणूस पुढच्या वेळी येतच नाही. अशी चार वर्षे गेली, की मंडळात नट उरतात, मंडळ उरत नाही. म्हणून नकार द्यायचा तो त्याच संध्याकाळी, समोरासमोर आणि कारणासह द्या. मात्र नकाराबरोबर काम द्या. पडद्याआडून वाक्ये सांगणारा सावध माणूस कुठल्याही नाटकाला हवाच असतो.

आणि छोट्या भूमिका तोंड वाकडे करून वाटू नका. गोगोलच्या नाटकात अगदी शेवटी एक शिपाई येतो आणि खरा अधिकारी आल्याची वर्दी देतो. बस्स, एवढेच त्याचे काम. पण त्या वर्दीने सारे रंगमंच जागच्या जागी थिजते. जवळजवळ दीड मिनिट कोणी हलू नये, अशी लेखकाची सूचना आहे. त्या दीड मिनिटात मुख्य नट आणि कोपऱ्यातला हवालदार यांची किंमत सारखीच. एकाचा डोळा लवला, तरी सगळ्यांचे काम वाया!

निवडीच्या संध्याकाळी शिपायाची ती वर्दी सर्वांकडून एकेकदा म्हणवून घ्या. ती ऐकून खोली ज्याच्या आवाजाने गप्प होईल, त्याला ती द्या. आणि ती का दिली, हेही त्याला सांगा.