मुलांच्या अंगावरील गाठ : आधी चित्र, मग सुरी

(मंडळाच्या वर्धापनदिनी माळशिरस येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या आनंदात असला विषय काढणे काहींना बरे वाटणार नाही. पण मुलाला न्हाऊ घालताना त्याच्या अंगावरून हात फिरतो तो आईचा नाहीतर आजीचा. म्हणून हे सांगावयाचे ते तुम्हांलाच.

पहिली गोष्ट धीराची. मुलांच्या अंगावरील बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. घसा धरला की मानेला अवधाण येते नि उतरते. जन्मानंतर थोड्या आठवड्यांत दिसणारी रक्तवाहिन्यांची लाल गाठ काही महिने वाढते आणि पुढे बहुधा आपोआप ओसरते.

परंतु क्वचित एखादी गाठ निराळी निघते. स्नायू, चरबी अशा मऊ भागांतून उठणाऱ्या कर्करोगाला सार्कोमा म्हणतात. लहान मुलांत त्यातला जास्त आढळणारा प्रकार म्हणजे ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा. तो डोळ्याभोवती, मानेत, मूत्राशयापाशी, हातापायांत कोठेही होऊ शकतो, आणि पुष्कळदा दुखतही नाही. ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ हा आपला ठोकताळा येथे फसतो. ‘पडला असेल, मुका मार असेल’ हाही तसाच. माराची सूज दिवसागणिक कमी व्हावयास हवी. गाठ वाढत असेल, खोल रुतलेली वा कठीण असेल, 5 सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा एक डोळा पुढे येऊ लागला असेल, तर लेप, चोळणे, डाग देणे यांत दिवस दवडू नयेत. वाढती गाठ लहान असली तरी दाखवावी.

पुढचा क्रम ध्यानात ठेवा. आधी सोनोग्राफी. गाठ भरीव की पाण्याची, आत रक्त किती खेळते, हे तीत कळते. शंका उरली तर एमआरआय. त्यात गाठ कोठवर पसरली, शीर वा मज्जातंतू किती जवळ आहे, ते दिसते. या दोहोंत क्ष-किरण नसतात. एमआरआयच्या वेळी लहान मूल निश्चल राहावे म्हणून गुंगीचे औषध देतात. त्याने घाबरून तपासणी टाळू नये. चित्रावरून रोगाचे नाव मात्र ठरत नाही. त्यासाठी सुईने तुकडा काढून तपासतात. सुई टोचल्यावर रक्त साकळते आणि चित्र गढूळ होते, म्हणून चित्र आधी. सुईची वाट पुढच्या शस्त्रक्रियेच्या वाटेत यावी लागते, म्हणून जेथे उपचार व्हावयाचे तेथेच ती टोचलेली बरी. रोग ठरला की छातीचा सीटी काढतात, कारण हा रोग फुप्फुसांत जाऊ शकतो.

माझ्याकडे एक मुलगी आली होती. मांडीवरची गाठ ‘चरबीची’ म्हणून कोठेतरी चित्राविना कापली होती आणि काढलेला तुकडा टाकून दिला होता. काही महिन्यांनी तेथेच पुन्हा गाठ आली. पहिली केवढी होती, किती खोल होती, हे सांगणारे काहीच हाती नव्हते. दुसरी शस्त्रक्रिया फार मोठी करावी लागली. म्हणून कोणी ‘लगेच काढून टाकू’ म्हणाले, तर दोनच प्रश्न विचारा : चित्र काढले का? आणि तुकडा तपासायला जाणार ना? कागद, फिल्म, अहवाल एका पिशवीत जपून ठेवा.

रोग पसरण्याआधी सापडला आणि औषधे, शस्त्रक्रिया, किरणोपचार पूर्ण झाले, तर ऱ्हॅब्डोमायोसार्कोमाची पुष्कळ मुले बरी होतात. आपल्या जिल्ह्यात बार्शीला कर्करोगाचे रुग्णालय आहे. तेथे 1987 पासून खेड्यापाड्यांतील कर्करुग्णांची नोंदही ठेवली जाते. मुंबईत परळला 1941 साली सुरू झालेले टाटा रुग्णालय आहे. तेथे मुलांच्या कर्करोगाचा स्वतंत्र विभाग आहे. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी.

माउलींची पालखी आपल्या गावी मुक्कामाला येते. नातेपुते, माळशिरस, वेळापूर हा क्रम कोणी मोडीत नाही. गाठीच्या तपासणीचा क्रमही तसाच पाळावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.