अबोल गप्पीदास

रेडिओवर पक्ष्याबद्दल बोलायचं म्हणजे त्याचा आवाज ऐकवावा, ही तुमची अपेक्षा रास्तच. आज ती पुरी होणार नाही. आजचा पक्षी गाणाऱ्या पक्ष्यांच्या गणातला खरा, पण तोंड उघडायला त्याला जिवावर येतं. आणि जन्मलाय मात्र गप्पीदासांच्या घराण्यात!

आपल्याकडचा गप्पीदास तुम्ही पाहिला असेल. काळाकुळकुळीत, पंखावर पांढरा डाग, झुडपाच्या शेंड्यावर बसून सगळ्या शिवाराची खबर घेणारा. त्याचा हा वाळवंटी भाऊबंद राजस्थानात आणि कच्छच्या कोरड्या माळांवर राहतो. इंग्रजीत त्याला नाव मिळालं ते स्टोलिझ्काचं. फर्डिनांड स्टोलिझ्का मूळचा मोराव्हियाचा, पेशानं भूगर्भशास्त्रज्ञ. कच्छात आला खडक पाहायला आणि १८७२ मध्ये वर्णन छापलं या चिमणीएवढ्या पाखराचं. दोनच वर्षांनी यारकंदहून परतताना लडाखमध्ये तो वारला. वय अवघं ३६.

चुरू जिल्ह्यातल्या ताल छापरला लोक काळवीट बघायला जातात. मी या गप्पीदासासाठी गेलो होतो. दोन सकाळी नुसती वाळू पाहिली. तिसऱ्या दिवशी एका खुरट्या झुडपाच्या बुंध्याशी काहीतरी हललं. वाळूच्याच रंगाची पाठ, काळपट गाल, वर ठसठशीत पांढरी भुवई. चोच जरा लांब. शास्त्रीय नावातही तिचाच उल्लेख आहे. जमिनीवरचे किडे टिपत तो एका झुडपाआडून दुसऱ्या झुडपाआड जात होता. उडाला की शेपटीतलं पांढरं क्षणभर चमकायचं, पुन्हा वाळूच.

अशा माळांना सरकारदरबारी पडीक म्हणतात. पडीक म्हटलं की कालवा येतो, नांगर येतो. माणसाची सोय होते, नाही असं नाही. पण खुरटी झुडपं जातात आणि त्यांच्याबरोबर हाही. जगाच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत त्याचं नाव आहे.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे माजी संचालक असद रहमानी यांनी या पक्ष्याचा मागोवा घेतला. नराची एक लकब अभ्यासकांनी टिपली आहे. तो छातीची पिसं फुलवतो आणि फुगलेलं अंग डावीउजवीकडे डोलवतो. मला वाटतं, जे बोलायचं ते तो असं बोलतो. मला ते दिसलं नाही. मी जरा पुढे सरकलो, आणि झुडूप रिकामं होतं.