आवाज आपला, सातबाराही आपल्याच नावावर
(मराठी पॉडकास्ट संमेलन, सोलापूर : स्वागताध्यक्षीय भाषण)





सोलापूर हे बोलणाऱ्यांचं गाव आहे. इथल्या विणकराच्या घरात तेलुगू चालते, शेजारी कन्नड ऐकू येते आणि बाजारात सोलापुरी मराठी. शाहीर राम जोशी इथलेच. 1930 साली इंग्रजांनी इथं मार्शल लॉ पुकारला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे इथले चार स्वातंत्र्यसैनिक येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले. हा इतिहास पुस्तकांत आहे. पण आजीकडून ऐकलेल्या त्या दिवसांच्या आठवणी सांगणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत आणि त्यांचा आवाज कुठंच नोंदलेला नाही. तुमच्याही गावात असंच असेल. असे आवाज नोंदले जावेत, यासाठी हे संमेलन आहे.

मराठी माणसाला ऐकण्याची सवय नवीन नाही. 1955 च्या एप्रिलमध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. सीताकांत लाड यांची कल्पना, गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत. आठवड्याला एक याप्रमाणे वर्षाहून थोड्या अधिक काळात 56 गीतं झाली. गुणवत्तेइतकंच मोल त्या नेमाचं होतं. लोक ठरल्या वेळी रेडिओपाशी बसत, कारण ठरल्या वेळी गीत येणार याची खात्री होती. मालिका चालवू पाहणाऱ्यानं पहिला धडा इथूनच घ्यावा. दर आठवड्याला झेपत नसेल तर पंधरा दिवसांनी करा. पण वार ठरवा आणि तो पाळा. पहिला भाग लोकांसमोर आणण्याआधी तीन-चार भाग तयार ठेवलेत, तर नेम मोडण्याची वेळ सहसा येत नाही.

त्या काळी लोकांपर्यंत पोचायला आकाशवाणीचं केंद्रच लागे. आजही एफएम किंवा सामुदायिक रेडिओ चालवायचा तर सरकारी परवाना लागतो. पॉडकास्टला तो लागत नाही. हातातला मोबाईल, कॉलरला लावायचा साधा माइक आणि संगणकावर ऑडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर काम सुरू होतं. माइकच्या किमतीपेक्षा खोली महत्त्वाची. रिकाम्या भिंतींवरून आवाज परततो आणि बोलणं विहिरीतून आल्यासारखं वाटतं. मी चादरीच्या धंद्यातला माणूस, म्हणून खात्रीनं सांगतो : भिंतींवर चार जाड सोलापुरी चादरी टांगा, पंखा बंद करा, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर पण किंचित बाजूला धरा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चा फटका बसणार नाही. सुरुवातीला अर्धं मिनिट कुणीच न बोलता नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड करा. मागची घरघर काढताना सॉफ्टवेअरला तोच नमुना लागतो.

आमच्या कार्यकर्त्यांनी मध्यंतरी एका वृद्ध विणकराची मुलाखत घेतली. आजोबा चादरीवरच्या फुलाची गोष्ट सांगत होते. पुठ्ठ्याच्या कार्डांना छिद्रं कशी पाडायची, एक छिद्र चुकलं तर फुलाची पाकळी कशी तुटते... बोलता बोलता ते थांबले, खोकले, तेलुगूत दोन शब्द पुटपुटले आणि मग पुढं सांगू लागले. संपादन करणाऱ्या मुलीनं खोकला काढला. ते दोन शब्द ठेवले. संपादन म्हणजे हेच. अडखळणं काढा, माणूस काढू नका.

आता प्रसिद्धीचं. तयार एमपी3 फाइल होस्टिंग सेवेवर चढवायची. ती सेवा तुम्हाला आरएसएस फीडचा, म्हणजे तुमच्या भागांच्या आपोआप अद्ययावत होणाऱ्या यादीचा, पत्ता देते. हा पत्ता ॲपल पॉडकास्ट, स्पॉटिफाय अशा ठिकाणी एकदाच नोंदवायचा. पुढचा प्रत्येक भाग आपोआप तिथं पोचतो. मुखपृष्ठाचं चित्र चौरस असावं. 3000 बाय 3000 पिक्सेलचं केलंत तर बहुतेक ठिकाणी चालतं. नाव आणि माहिती देवनागरीत नीट लिहा.

माझं कळकळीचं सांगणं या फीडबद्दलच आहे. फीड म्हणजे तुमच्या कार्यक्रमाचा सातबारा. तो कुणाच्या नावावर आहे, हे आधी बघा. 2024 मध्ये गूगल पॉडकास्ट हे ॲप बंद झालं. पण ज्यांची फीड स्वतःच्या ताब्यात होती, त्यांचे भाग जागेवर राहिले आणि श्रोते दुसऱ्या ॲपवरून ऐकू लागले. एखाद्या कंपनीशी करार करताना फीड दुसरीकडे हलवण्याचा हक्क लेखी घ्या. मूळ रेकॉर्डिंग दोन ठिकाणी जपा.

आपला हक्क जपायचा तसा दुसऱ्याचाही. आवडलं म्हणून चित्रपटगीत मागं लावता येत नाही. पाहुण्याची संमती रेकॉर्डिंगआधी घ्या. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं साहित्यावर हक्क राहतो. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून त्यांचं लेखन आज मुक्तपणे वाचता येतं. हयात लेखकाची कथा वाचायची तर परवानगी हवीच.

शब्द मालवणी असो, अहिराणी असो, वऱ्हाडी असो की आमच्यासारखा ‘बे’ लावून बोललेला असो, तो लाजून प्रमाण करू नका. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तिच्या बोली ऐकू येत राहणं हे आता आपलं काम आहे.

स्वागत समितीनं वरच्या मजल्यावर दोन खोल्या चादरी लावून तयार ठेवल्या आहेत. माइक आहेत, मदतीला मुलंमुली आहेत. ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही, त्यांनी संमेलन संपण्याआधी पहिला भाग रेकॉर्ड करावा आणि स्वतःच्या नावावरच्या फीडवर चढवूनच घरी जावं, ही माझी आग्रहाची विनंती. व्यवस्थेत काही उणं वाटलं तर हक्कानं सांगा.  आता उद्घाटकांना विनंती करतो की त्यांनी संमेलनाचं उद्घाटन करावं.