हेड उघडण्याआधी

(जिल्हा बैठकीत वाहतूक गटांपुढे केलेले भाषण)



आम्ही शिकलो शेतीशास्त्र. आज इंजिनाबद्दल बोलतो आहोत, कारण एकाच रोगापायी गटाचे पैसे दोनदा गेले.

आमच्या गटाची मॅटाडोर पंचविशी ओलांडलेली. गेल्या एप्रिलात देवगडहून हापूसच्या पेट्या भरून ती कोल्हापूरला निघाली आणि फोंडाघाट चढताना काटा लाल रेघेवर गेला. मेस्त्री म्हणाला, हेड गॅस्केट गेले. ते खरेच गेले होते. हेड उतरवले, प्लेन केले, नवे गॅस्केट घातले. तीन आठवड्यांनी त्याच घाटात पुन्हा वाफ! पेट्या दुपारभर उन्हात. त्या आंब्याला काय भाव मिळाला असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

चूक कोणाची? मेस्त्र्याची थोडी, आमची जास्त. पान पिवळे दिसले की युरिया फेकणाऱ्याला आम्हीच बांधावर उभे राहून बोलतो, की बाबा, आधी मूळ कुजलंय का ते बघ. इंजिनाच्या वेळी तेच विसरलो. गॅस्केट सहसा आपणहून मरत नाही. इंजिन तापते, हेड वाकते, मग गॅस्केट जळते. तापण्याचे कारण तसेच ठेवले तर नवेही जळणार.

कारण निघाले ते लाजिरवाणे. रेडिएटरच्या जाळीत तांबडी धूळ गळक्या तेलात कालवून गिलाव्यासारखी बसलेली, वर पेंढ्याची कुसे. पंख्याचा पट्टा ढिला. वर्षानुवर्षे विहिरीचे पाणी ओतून आत गंजाचा चिखल. रेडिएटर वर हात लावू देत नव्हता, खालचा एक कोपरा मात्र गार. तिथे पाणी फिरतच नव्हते.

तेव्हा तपासायचे कसे? पहाटे, गाडी पूर्ण गार असताना. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कोणीही उघडायचे नाही. तो कुकरच आहे. आत एक बार जादा दाब असेल तर पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल होताच उसळते आणि तोंड भाजते. याच कारणाने झाकणाची स्प्रिंग मेली तर चांगले इंजिनही पाणी फेकते. झाकण स्वस्त, म्हणून ते आधी बदलून बघा.

गार रेडिएटर काठोकाठ भरा आणि झाकण न लावता इंजिन चालू करा. पहिले चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. ते थांबेनातच, अॅक्सिलरेटर दाबला की वाढतात, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे. झाकण लावल्यावर पाणी तापण्याआधीच वरचा होज दगडासारखा होत असेल, तर अर्थ तोच. खात्रीसाठी निळ्या द्रावणाची चाचणी मिळते. धुरातल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा रंग पालटतो. मातीचा सामू पाहतो ना, तसेच.

डिपस्टिकवर तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर गाडी हलवूच नका. थंडीत तेलाच्या झाकणाखाली थोडी साय दिसते, ती नुसत्या दमटपणाचीही असू शकते. पाणी कुठेही न गळता कमी होते आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही, तर संशय पक्का धरा. सकाळी इंजिन अडकले तर ढकलून चालू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी साचले असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

यातले काहीच दिसले नाही, तर हेड उघडू देऊ नका. पट्टा, जाळी, वॉटर पंप पाहा. थर्मोस्टॅट काढून पातेल्यात तापवा. पाणी उकळायच्या आत तो उघडलाच पाहिजे. काही मेस्त्री तो काढून फेकतात, ते आम्हाला मान्य नाही. इंजिन गार चालते आणि डिझेल जास्त पिते.

हेड उघडलेच, तर चीर गेली आहे का ते पाहायला लावा. बोल्ट टॉर्क रेंचनेच, मधून बाहेरच्या क्रमाने आवळून घ्या. आणि रेडिएटर त्याच दिवशी साफ करा, पुढच्या महिन्यात नव्हे.

आमच्या गाडीत आता डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे आहे, आणि ड्रायव्हरच्या सीटखाली पंख्याचा एक जादा पट्टा.